गोचं गोड का नाही?

उदगीरच्या घरी ओसरीवर पुतणी पाठांतर करत होती. गो, वेंट, गॉन. मधेच थांबून म्हणाली, "काका, प्लेचं प्लेड होतंय, मग गोचं गोड का नाही?"

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी. (पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, आम्ही तोवर सुटलो होतो.) गुरुजींनी 'गो म्हणजे जाणे' म्हणून छडी टेबलावर ठेवली की विषय संपला. वेंट कुठून उपटलं, हे विचारायची टाप नव्हती. फार उशिरा कळलं, की वेंट हे गोचं लेकरूच नव्हे. 'वेंड' नावाचं वेगळंच क्रियापद होतं. सेंडचं सेंट, तसं वेंडचं वेंट. पुढं वेंड मागं पडलं आणि त्याचा भूतकाळ गोनं दत्तक घेतला. हे सगळं मी ऐटीत सांगितलं, वर "इंग्रजी आहेच वाकडी" अशी पुस्तीही जोडली.

पोरगी पेन्सिल चावत म्हणाली, "मग आपण 'तो जातो, तो जाला' का नाही म्हणत?"

पन्नास वर्षं मराठी बोलतोय, कधी डोक्यात आलं नाही. जातो आला संस्कृतच्या 'या' धातूकडून, गेला आला 'गम्'च्या 'गत'कडून. म्हणजे दत्तकविधान आपल्याही घरात झालेलंच.

आणि आपलं जाणं तरी कुठं सरळ जातं? लाइट जाते, दूध उतू जातं, सुनेला दिवस जातात, पाण्यावाचून मोसंबीची बाग जाते. माणसानं मात्र उंबऱ्यात 'जातो' म्हणायची चोरी. एकदा मी "जाऊ लालो" म्हणून चप्पल घातली, तर आई पिठाचा हात तसाच वर धरून ओरडली, "येतो म्हण!"

परवा पुतणीनं वेंटचं वाक्य लिहून नेलं, 'माय ग्रँडफादर वेंट लास्ट इयर.' बाईंनी लाल पेनानं शेजारी लिहिलं, 'व्हेअर?'

"काय लिवलंय गं?" आईनं चुलीपासून विचारलं.

"आजोबा कुठं गेले म्हणून इचारलंय."

आईनं भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"बाईला म्हणावं, मलाबी तेच इचारायचंय."