लाल टोपी आणि शंभरची कार्ट्रिज

गुरुवारी पहाटे तीनच्या सुमारास कॅज्युअल्टीत आलेल्या, इन्शुलिनवर असलेल्या आजींची साखर ग्लुकोमीटरवर फक्त ३४ होती. अंग घामाने थबथबलेलं, बोलणं असंबद्ध. २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, १०० मिली शिरेतून गेल्यावर दहा मिनिटांत स्वतःचं नाव सांगू लागल्या. पण पाच वाजता साखर पुन्हा ५२ वर आली आणि १० टक्के डेक्स्ट्रोजची सलाइन लावावी लागली. केसपेपरवर दोन शंका होत्या: रात्रीचं जेवण कमी झालं असेल, किंवा किडनी थकली असेल. किडनी मंदावली की इन्शुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून दुसरी शंका रास्तच. पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, १.१ आलं; किडनीवर बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

मी इथली फार्मासिस्ट; दहाच्या राउंडला माझं काम ठरलेलं असतं. नव्या पेशंटची घरची औषधं आणि वॉर्डात लिहिलेली औषधं ताडून पाहायची. त्यासाठी मी चिठ्ठी नंतर मागते, आधी पिशवी मागते. चिठ्ठीवर मिक्स इन्शुलिन ३०/७०, सकाळी २०, रात्री १२, इतकंच होतं. पिशवीत निघाल्या लाल टोपीच्या सिरिंजा आणि पेनात घालायची ३ मिलीची कार्ट्रिज. पेन मात्र नव्हतं.

“इंजेक्शन कोण टोचतं?”

“मीच, मॅडम,” सून म्हणाली. “नेहमीची मोठी बाटली मेडिकलमध्ये नव्हती. त्यांनी ही दिली, तेच औषध आहे म्हणाले. मी रेषा बदलल्या नाहीत हो. सकाळी वीस, रात्री बारा.”

तिचा शब्द खरा होता, आणि दुकानदाराचाही. औषध तेच होतं, पण तीव्रता वेगळी. आपल्याकडे इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. पेनाच्या साध्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १०० युनिट. लाल सिरिंजवरची २० ची रेषा म्हणजे अर्धा मिली. चाळीसच्या बाटलीतून अर्धा मिली घेतलं तर २० युनिट, शंभरच्या कार्ट्रिजमधून घेतलं तर ५०. रात्रीच्या १२ रेषा म्हणजे ०.३ मिली, म्हणजे ३० युनिट. अडीचपट.

खात्री कार्ट्रिजनेच दिली. सोमवारी सकाळी सुरू केलेली, बुधवार रात्रीपर्यंत सहा डोस झालेले. रोजचे ३२ युनिट धरले तर ९६ युनिट, म्हणजे जेमतेम एक मिली संपायला हवं होतं. आत उरलं होतं अर्ध्या मिलीच्या थोडं वर. रोज ०.८ मिली गेलं तर तीन दिवसांत २.४ मिली, हिशेब तंतोतंत जुळला. “ही बाटली लवकर संपते, पण छोटीच आहे ना,” असं सूनच म्हणाली. मंगळवारपासून आजींना गरगरत होतं, तो अशक्तपणा समजून घरच्यांनी चहात साखर वाढवली होती. आजी बुधवारपर्यंत तगल्या त्या बहुधा त्या चहामुळे.

लगेच डॉक्टरांना फोन केला. “रात्री आठला बारा नाही, तीस युनिट गेलंय.” हे तेव्हाच सांगणं गरजेचं होतं, कारण ३०/७० मधला ७० चा भाग संथ चालतो, चौदा-सोळा तास, कधी त्याहून जास्त. दहाला साखर १४० दिसली म्हणून सलाइन काढली असती, तर दुपारी पुन्हा तेच. सलाइन संध्याकाळपर्यंत चालू ठेवली, साखर दर तासाला बघितली, सकाळचा डोस अर्थातच बंद.

याची उलटी चूक जास्त फसवी असते, कारण ती आरडाओरड करत नाही. चाळीसची बाटली आणि नारिंगी टोपीची, म्हणजे शंभरची, सिरिंज: २० च्या रेषेला जेमतेम ८ युनिट जातात. साखर चढत राहते, डॉक्टर डोस वाढवत नेतात, ३० होतो, ४० होतो. मग कधीतरी कोणी बरोबर सिरिंज विकतं आणि पेशंट त्याच रात्री कोसळतो. साखर कारणाशिवाय वर-खाली होत असेल तर मी आधी सिरिंजची टोपी बघते, मग पथ्याची चौकशी.

दुसऱ्यावर बोट दाखवण्याआधी आमचा फ्रीज उघडला. ग्लार्जिनच्या (हेही एक इन्शुलिनच) शंभरच्या बाटल्या आणि चाळीसच्या मिक्सच्या बाटल्या एकाच कप्प्यात, आणि वॉर्डात सिरिंजा फक्त लाल! म्हणजे आमच्याकडे हे घडायचं बाकी होतं इतकंच. त्याच दिवशी कप्पे वेगळे केले, शंभरची बाटली वॉर्डात देताना तिच्यासोबत रबरबँडने नारिंगी सिरिंज बांधून द्यायची असं ठरवलं. सूचनेचे स्टिकर आम्ही पूर्वी लावले होते, पंधरा दिवसांत ते कोणाला दिसेनासे होतात. डिस्चार्ज कार्डावर आता ‘बाटली, एका मिलीत ४० युनिट, लाल सिरिंज’ असं पूर्ण लिहितो. आणि ‘युनिट’ हा शब्द अख्खा. इंग्रजी यू घाईत शून्यासारखा उमटतो आणि २० चे २०० होतात. कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायचं नाही, हा नियम पेनांनाही लागू: काही पेनांत एका मिलीत ३०० युनिट असतात, तिथे हीच चूक साडेसातपट होते.

शनिवारी आजी घरी गेल्या, डोस थोडा उतरवून. त्याआधी रिकाम्या बाटलीत पाणी भरून सुनेकडून तीनदा सिरिंज भरून घेतली. नुसतं ‘समजलं का’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. जाताना तिने विचारलं, “दुसरी कार्ट्रिज न उघडलेली आहे, पैसे गेले आहेत. ठेवू का अडीअडचणीला?”

फ्रीजचा माल दुकानदार सहसा परत घेत नाहीत, तिची चिंता मला कळत होती. तरी ठेवू नका म्हटलं. बाटली रविवारी संपली तर हात तिकडेच जाईल. तिने ती काउंटरवर ठेवली, आणि नव्या सिस्टरना शिकवताना मी आता तीच हातात देते, लाल सिरिंजसोबत.