मोठा धक्का बसून गेला म्हणजे संपलं?

आम्ही राहतो त्या जपानमध्ये कुठेही भूकंप झाल्याची बातमी आली की भारतातून आत्याचा फोन ठरलेला. पहिला प्रश्न, "सगळे बरे आहात ना गं?" आणि दुसरा, "चला, होऊन गेला एकदाचा. आता जमिनीतला ताण मोकळा झाला असेल." हे दुसरं वाक्य एकटी आत्याच म्हणते असं नाही, घरून फोन करणारं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतं. म्हणून सविस्तर लिहायला बसले. मोठा धक्का बसल्यानंतरचा आठवडाच खरा जपायचा असतो, आणि हे आपल्याकडच्या माणसांनाही ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जपानच्या ईशान्येला पॅसिफिक महासागराचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, वर्षाला साधारण 8 सेंटिमीटर या वेगाने जमिनीखाली शिरत असतं. पण दोन भूपट्टांच्या कडा अलगद सरकत नाहीत. घर्षणामुळे त्या एकमेकींत अडकून बसतात, मागून रेटा चालूच राहतो आणि आजूबाजूचा खडक वर्षानुवर्षं वाकत, दबत जातो. एक दिवस घर्षण हार मानतं. 11 मार्च 2011 ला तेच झालं. 9.0 तीव्रतेच्या त्या भूकंपात समुद्रतळाखालचा खडक काही ठिकाणी 50 मीटरपर्यंत सरकला. दोनच दिवस आधी, 9 मार्चला, त्याच भागात 7.3 चा भूकंप झाला होता. तो निव्वळ नांदी होती हे 11 तारखेनंतरच कळलं. त्या दोन दिवसांत कुठल्याही यंत्राला ते सांगता आलं नसतं, आजही येत नाही.

आता आत्या म्हणते त्या जमिनीतल्या ताणाबद्दल. खडक सरकला तेवढ्या भागातला ताण कमी होतो, हे बरोबर. पण फाटत चाललेल्या कापडात फाट जिथे थांबते तिथल्या धाग्यांवर सगळी ओढ येते, तसं सरकलेल्या भागाच्या टोकांवर आणि शेजारच्या प्रस्तरभंगांवर, म्हणजे खडकातल्या भेगांवर, नवा भार पडतो. हा भार बहुतेक वेळा अगदी थोडा असतो, मूळ भूकंपात सुटलेल्या ताणाच्या कितीतरी पट कमी. पण जो प्रस्तरभंग आधीच तुटायच्या बेतात आहे, त्याला तेवढंही पुरतं. आफ्टरशॉक, म्हणजे मोठ्या भूकंपानंतर बसत राहणारे धक्के, येतात ते यातूनच.

"छोटे छोटे धक्के बसलेले बरे, मोठा टळतो," हेही खूप ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते, दोन अंकांनी वाढली की हजार पट. म्हणजे 7 तीव्रतेच्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला 5 चे हजार धक्के लागतील, आणि 9 साठी दहा लाख. एवढे छोटे धक्के कुठेच बसत नाहीत.

आफ्टरशॉकचा पहिला नियम जपानमध्येच सापडला. 1891 मध्ये मध्य जपानच्या नोबी भागात 8 च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी त्यानंतरचे धक्के मोजत मोजत 1894 मध्ये दाखवलं की त्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील, तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास. पण घटते ती संख्या, जोर नव्हे. दहाव्या दिवशीचा एखादा धक्का पहिल्या दिवशीच्या धक्क्यांइतकाच जबर असू शकतो. ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही आणि माणसं तिथेच बेसावध होतात. 13 फेब्रुवारी 2021 ला फुकुशिमाजवळ 7.3 चा धक्का बसला, तेव्हा इथल्या हवामान संस्थेने (भूकंपांच्या सूचनाही हीच देते) तो 2011 च्याच भूकंपाचा आफ्टरशॉक मानला. दहा वर्षांनी!

क्यूशू बेटावरच्या कुमामोतोची हकिकत तर मी प्रत्येकाला सांगते. 14 एप्रिल 2016 च्या रात्री तिथे 6.5 चा भूकंप झाला. हाच मुख्य, आता येतील ते लहानच, असं सगळ्यांनी धरलं आणि काहीजण घरी परतले. जेमतेम 28 तासांनी, 16 च्या पहाटे, 7.3 चा आला. ऊर्जेत सुमारे सोळा पट. माशिकी गावाने जपानच्या मापनातली सर्वोच्च, म्हणजे 7 ची हादऱ्याची पातळी (ही जागेवर जाणवणारा हादरा मोजते, भूकंपाची तीव्रता नव्हे) दोनदा अनुभवली. पहिल्याने खिळखिळी झालेली घरं दुसऱ्याने जमीनदोस्त केली. तेव्हापासून मोठ्या भूकंपानंतर हवामान संस्था सांगते की साधारण आठवडाभर तेवढ्याच जोराच्या हादऱ्याची तयारी ठेवा.

ऑगस्ट 2024 मध्ये ही तयारी माझ्या दारात आली. क्यूशूजवळ 7.1 चा भूकंप झाला आणि त्याच संध्याकाळी जपानच्या दक्षिणेला समुद्रतळाशी असलेल्या नानकाई खंदकातल्या महाभूकंपाबद्दल इतिहासात पहिल्यांदाच सावधगिरीची सूचना निघाली. आम्ही शिझुओका प्रांतात, म्हणजे त्याच पट्ट्यात. एरवी आठवड्याभरात असा महाभूकंप होण्याची शक्यता हजारात एक धरतात, ती काहीशेत एक झाली. शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आमच्या भागात हळू धावू लागली. शेजारच्या आजींनी कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये बसवलेल्या दांड्या पुन्हा फिरवून घट्ट केल्या, पलंगाशी बूट आणि विजेरी ठेवली. काच फुटली तर अनवाणी पाय आधी जायबंदी होतात, असं त्यांनी मला समजावलं. आठवडा पार पडला, काही झालं नाही. तरीही ती सूचना योग्यच होती असं माझं ठाम मत आहे. 1854 मध्ये याच खंदकाचा पूर्वेकडचा भाग हलला आणि दुसऱ्याच दिवशी पश्चिमेकडचा.

धक्क्याला निमित्त दरवेळी दुसरा भूकंपच असतो असंही नाही. खोलवरचं पाणी भेगेत शिरलं की तिथला दाब वाढतो, खडकाची पकड सैलावते. नोतो द्वीपकल्पात 2020 च्या अखेरीपासून धक्क्यांची रांग लागली होती, तिच्यामागे असं वर सरकणारं पाणी असावं असं अभ्यासक मानतात. तिथेच 1 जानेवारी 2024 ला 7.6 चा भूकंप झाला. आपलं कोयना याच कारणासाठी जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांना माहीत आहे. धरणात पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 चा मोठा भूकंप झाला. त्या परिसरात जमीन अजूनही अधूनमधून हलते, आणि पावसाळ्यानंतर जलाशयाची पातळी कशी चढते-उतरते याच्याशी अभ्यासक त्या धक्क्यांचा मेळ घालून बघतात.