इतिवृत्तात न लिहिलेलं

आमच्या चिपळूणच्या बालवाडीच्या पालक मेळाव्याचं इतिवृत्त लिहायचं काम १९९१ पासून माझ्याकडे आहे. अक्षर बरं म्हणून ते मिळालं आणि नंतर कुणी मागितलं नाही म्हणून राहिलं. निवृत्त झाले तरी सुटलेलं नाही. मेळावा संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी असतो. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अहवालवाचन एवढं मी आता आदल्या रात्रीच लिहून ठेवते आणि पाहुण्यांच्या नावापुरती जागा सोडते. एका वर्षी पाहुणे आलेच नाहीत, आणि माझ्या वहीत मात्र त्यांनी 'समयोचित मार्गदर्शन' करून टाकलं होतं. खोडलेली ती ओळ आजही वाचता येते.

अहवाल संपल्यापासून चहा येईपर्यंत पाऊण तास असतो. त्याबद्दल वहीत दरवर्षी एकच वाक्य: 'त्यानंतर पालकांनी मनोगते व्यक्त केली.' खरं तर मी मेळाव्याला जाते ती त्या पाऊण तासासाठीच.

पूर्वी ही मनोगतं चारचौघांसारखीच असायची. माझी मुलगी साडेतीन वर्षांची, तिला श्लोक पाठ आहेत. माझा मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो. आमच्याकडे टीव्ही लावतच नाहीत. टाळ्या. मोठ्या बाई, म्हणजे बालवाडी ज्यांनी सुरू केली त्या, पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या. ही कसली खूण ते आम्हा ताईंना बरोबर कळायचं. १९९३ च्या मेळाव्यात अशाच टाळ्या चालू असताना एक आई मधूनच उठली आणि पोराला कडेवर घेऊन निघून गेली. तिचा मुलगा चार वर्षांचा होऊनही जेमतेम पाच-सहा शब्द बोलायचा. मोठ्या बाई तिच्यामागे फाटकापर्यंत गेल्या. परत आल्या त्या थेट माइकपाशी. म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून इथे जमलेलं सांगायचं नाही. जे जमलं नाही ते सांगायचं. जमलेलं काय, ते आम्हाला रोज दिसतंच."

कार्यकारिणीत यावर पुष्कळ धुसफूस झाली. "चार माणसांत आपली लक्तरं कोण काढील?" असं खजिनदार म्हणाले. मोठ्या बाई कोसबादला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या अनुताई वाघांच्या हाताखाली शिकून आलेल्या, त्यामुळे प्रत्येक वादात त्या कोसबादला जाऊन यायच्या. त्या दिवशीही गेल्या. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. पुढे कोसबादला मुलं गुरांमागे जातात असं दिसल्यावर शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. "मुलं येत नाहीत म्हणून त्या रुसून बसल्या असत्या, तर अंगणवाडी हा शब्द तरी आपल्याला मिळाला असता का? पालक खरं बोलत नाहीत, कारण खरं बोलायला आपण जागाच दिलेली नाही," एवढं म्हणून त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितला. पुढचा विषय सतरंज्यांचा होता.

नियम ठरले. तीन पालक, प्रत्येकी पाच मिनिटं. मुलाचं नाव घ्यायचं नाही. तेवढा वेळ मुलं मागच्या परसात फणसाखाली वाळू-पाण्यात खेळतील, त्यांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. आणि मंचावरून कुणीही उपाय सांगायचा नाही. हा शेवटचा नियम पाहुण्यांना फार जड जातो. एका डॉक्टरांची तर ऐकताना इतकी चुळबुळ चालली होती, की मी त्यांना चिठ्ठी पाठवली: 'कृपया उत्तर देऊ नये.' त्यांनी ती वाचून खिशात घातली आणि चहाच्या वेळी त्या आईला गाठलंच.

पहिल्या दोन वर्षांत पालकांनी नियमातून पळवाटा काढल्या. 'माझं काय चुकलं, तर मी मुलीचे फार लाड केले,' असली गोडगोड कबुली. मग एक आजी उभी राहिली. मुलगा-सून मुंबईला, नातू चिपळूणला आजीजवळ. आमच्याकडच्या वाड्यांमध्ये असं घर शोधावं लागत नाही. तिने माइक दोन्ही हातांनी आरतीचं ताट धरावं तसा धरला. म्हणाली, "पोर मलाच आई म्हणतो. गणपतीला त्याची आई आली, तर तिला विचारलान, मावशी, तू जाणार कधी? मला हसू आलं. आणि मी हसले ते तिनं बघितलंन. ते माझं चुकलं." एवढंच बोलून ती जागेवर जाऊन बसली आणि शेजारणीला पान मागितलंन.

त्या दिवसानंतर या पाऊण तासाचा सूर बदलला असं मी मानते.

पुढच्याच वर्षी तिसरे पालक ऐनवेळी फिरकले नाहीत. मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "तूही पालकच ना? ऊठ." माझी मुलगी तेव्हा मोठ्या गटात होती आणि तो गट माझ्याकडेच होता. ताईंची मुलगी म्हणून लाड होतात असं कुणी म्हणू नये याची मला इतकी धास्ती, की झोपाळ्यावर तिचा नंबर शेवटचा, नाचात ती मागच्या रांगेत, दोघींचं भांडण झालं तर पहिली ओरडा खाणारी तीच. शाळेत मला 'ताई' म्हणायचं हे मी तिला बजावलं होतं आणि ते तिने लगेच ऐकलं होतं. त्या दिवाळीत तिला ताप भरला. रात्री मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, माझी आई कुठाय?"

मी हे सांगितलं आणि पुढचं काही सुचेना, म्हणून खाली येऊन बसले. पाचातली दोनच मिनिटं झाली होती. वहीत त्या वर्षीही तेच वाक्य आहे.

मुलगी आता पुण्याला असते, तिला स्वतःची दोन आहेत. मध्ये हा विषय निघाला तर म्हणाली, "मला काही आठवत नाही. झोपाळ्याचं आठवतं. शेवटचा नंबर असल्यामुळे मला जास्त वेळ मिळायचा." हे खरं असेल, किंवा ती माझी समजूत काढत असेल.

२०११ साली एका आईने नाव दिलं होतं. बदलीवर आलेलं कुटुंब, इथे नात्यागोत्याचं कुणी नाही. ती मंचावर आली आणि म्हणाली, "मी मारते. आजपासून मारायचं नाही असं ठरवते आणि तरी मारते." बस्स. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. माझं सगळं लक्ष पाहुण्यांकडे, ते तोंड उघडतात की काय म्हणून. तोंड उघडलं ते मागच्या सतरंजीवरच्या एका आजींनी. "संध्याकाळी सहाला पोराला घेऊन माझ्याकडे येत जा गो बाय. मीपण एकटीच असते." नियमाने पाहिलं तर हा उपायच झाला. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

पुढच्या मेळाव्याला तीच आई सर्वांत आधी उठली. "तीनदा. वर्षभरात तीनदाच." त्या पाऊण तासात टाळ्या वाजवायची आमच्यात रीत नाही. त्या दिवशी वाजल्या, आणि मोठ्या बाईंनीही वाजवल्या. जूनमध्ये त्या कुटुंबाची बदली झाली. पुढे काय झालं कुणास ठाऊक, पण मी तिला 'तीनदा'वरच ठेवलं आहे.

सगळंच असं गोड झालं नाही. मग आम्ही ताईंसाठीही एक जागा ठेवली, कारण मुलांबरोबर काम करणाऱ्यांचंही चुकतं. जूनचे पहिले पंधरा दिवस कुणी येऊन बघावेत. एक रडतं म्हणून दुसरं रडतं, तिसरं फाटकाला लटकतं, चौथं चावतं. एका नव्या ताईने अशाच चावणाऱ्या मुलाबद्दल सांगितलं. तिने त्याला तीन दिवस कोपऱ्यात वेगळं बसवलं. चौथ्या दिवशी तो आला, दप्तर ठेवलं आणि आपणहून कोपऱ्यात जाऊन बसला. हे सांगताना तिला रडू आलं. नाव घेतलं नव्हतं, पण आमची बालवाडी ती केवढी! त्या मुलाची आई समोरच बसली होती. तिने नंतर दोन आठवडे मुलगा पाठवला नाही आणि ताईने राजीनामा लिहून आणला. मोठ्या बाईंनी तो पाकिटासकट खणात ठेवला आणि दोघींच्या घरी जाऊन आल्या. मुलगा परत आला, ताईही टिकली. पण दोघींमध्ये त्यानंतर कामापुरतंच बोलणं राहिलं.

मोठ्या बाई २०१६ मध्ये गेल्या. बरं झालं, २२ जुलै २०२१ त्यांना पाहावा लागला नाही. वाशिष्ठीचं पाणी २००५ सालीही आत आलं होतं, पण या वेळी ते विजेच्या बटणांच्याही वर गेलं. लाकडी मनोरे, रंगांच्या पट्ट्या, पॉलिशपेपरची अक्षरं, तीस वर्षांचे फोटो, सह्यांच्या वह्या, सगळ्यावर चिखलाचा थर. तिकडे लोटिस्मातली, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचनालयातली, पुस्तकं भिजली म्हणून सगळा गाव हळहळत होता. आम्ही करवंट्या, शिंपले आणि चिंचोके धुऊन उन्हात टाकले. ते तेवढे पहिल्यासारखे झाले. इतिवृत्ताची वही वाचली, कारण करोनात ती माझ्या घरी माळ्यावर होती.

पुढचा मेळावा मार्च २०२२ मध्ये एका पालकांच्या अंगणात झाला. तिथे एक बाबा बोलले. पाणी घोट्याएवढंच होतं, पोर टेबलावर बसलेलं होतं, म्हणून त्यांनी आधी कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकली आणि मग त्याला उचललं. दहा सेकंदांचा फरक. "आता पाऊस लागला की तो म्हणतो, बाबा, आधी मी." अंगणातल्या सगळ्यांनीच पूर पाहिलेला. कुणी मान वर केली नाही.

आता तक्रार. करू नये म्हणतात, पण वहीत नाही तर इथे तरी करते. आया येतात, आज्या येतात, बाबा बोटांवर मोजण्याएवढेच येतात. रविवार आहे, सुट्टी आहे, तरी. हळदीकुंकवाचं वाण वाटून झालं की निम्म्या आयाही उठतात, मनोगतांना थांबत नाहीत. कार्यकारिणीतले दोघे तर नारळ हातात पडला की चपला शोधायला लागतात. आणि माजी विद्यार्थी! मेळाव्याचा फोटो टाकला की त्याखाली 'ताई, खूप आठवण येते' असे ढीगभर निरोप. पुण्याहून चिपळूणला गाड्या येत नाहीत का? छोट्या गटालाच लिहायला का शिकवत नाही म्हणून मुलं काढून नेणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. बोलले तर हा लेख संपायचा नाही.

आभार मात्र राहता कामा नयेत. गेल्या वर्षी मी नावं घेऊन आभार मानले, त्यात एक नाव राहिलं आणि ते मी होळीपर्यंत ऐकत होते. म्हणून यंदा नावं नाहीत, नुसती कामं. परसात मुलांना सांभाळणाऱ्या दोन्ही सेविका मावशी, ज्यांनी इतक्या वर्षांत एकही मनोगत धड ऐकलेलं नाही. सतरंज्या देणारं शेजारचं देऊळ आणि त्या डोक्यावरून आणणारी दोन मुलं. माइकवाले दादा, जे मनोगतांच्या वेळी आवाज मुद्दाम बारीक करतात. पोहे करणाऱ्या चार जणी, नारळ खवणारी पाचवी. तिळगुळाच्या वड्या आदल्या रात्री पाडून देणाऱ्या वहिनी. फळ्यावर सुविचार लिहिणारे निवृत्त चित्रकला शिक्षक. पुरानंतर पंपाने चिखल उपसून देणारे गॅरेजवाले. मोठ्या बाईंची पूजेतली घंटा अजून जपणारी त्यांची भाची. पाच मिनिटं झाली की ती वाजवायची असं ठरलं होतं, वाजली कधीच नाही. रांगोळी काढणाऱ्या दोघी. आणि झाडलोट. झाडलोट आम्ही सगळ्यांनी केली.

पाण्याचं पिंप! बघा, राहतच होतं. पिंप भरून ठेवणारे एक रिक्षावाले बाबा आहेत. पहिला मुलगा आमच्याकडे होता तेव्हापासून भरतात, आता धाकटी आहे. सकाळी आठला पिंप भरून झालेलं असतं, तरी ते घरी जात नाहीत. खिडकीखाली पिंपाला टेकून उभे असतात. आत या म्हटलं तर म्हणतात, "नको ताई, इथून ऐकू येतं." गेल्या मेळाव्याची सह्यांची वही परवा चाळत होते. बाबांच्या रकान्यात नऊ सह्या आहेत, त्यांची त्यात नाही. पुढच्या वेळी वही पिंपापाशी न्यायला हवी.