मराठी पाट्या करून घेताना आलेला अनुभव

आमची मिठाई-फरसाणची कंपनी आहे, मुंबई-ठाण्यात दुकानं आहेत आणि ब्रँडिंगचं काम माझ्याकडे. २०२२ मध्ये कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही हेही आलं, पण खरी धावपळ झाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर. पाटीवाले कुणाचा फोन उचलेनात.

आमचा मजकूर साधा, दुकानाचं नाव आणि खाली 'शुद्ध तुपातली मिठाई'. मी युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीने, नीट टाईप करून पाठवला आणि प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) आलं त्यात 'शुध्द'! झालं असं की त्यांच्याकडे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड न समजणारा जुना फॉन्ट, युनिकोड पेस्ट केलं की सगळं बिघडतं, म्हणून ऑपरेटर मजकूर बघून हाताने परत टाईप करतो, आणि ध ला द जोडायची त्याच्या बोटांना सवयच झालेली. "मॅडम, कोण बघतंय एवढं?" म्हणाला. अहो, गिऱ्हाईक बघतं! शुद्ध तुपाचे जास्तीचे पैसे जो देतो त्याला आधी आमची पाटीच दिसते ना, आतली मिठाई नंतर.

मग ठरवलं की पाटीवाल्याला टाईप करायला काही द्यायचंच नाही. लेआउट आमच्याच डिझायनरने इलस्ट्रेटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केला. तिथेही वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर 'मिठाई'तल्या म ची वेलांटी ठ वर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात, ते सेटिंग आधी बघा. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी ठेवली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. सगळं बरोबर दिसलं की अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदलून मगच पीडीएफ पाठवायची.

अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापून घेणार असाल तर अजून एक गोष्ट, आणि ही मला कुणीच आधी सांगितली नव्हती. देवनागरीत शिरोरेषेवर एक अक्षर दुसऱ्यावर थोडं चढलेलं असतं, ते आकार वेल्ड करून एक केले नाहीत तर मशीन प्रत्येक सांध्यावर कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. आमच्या एका दुकानाचं मटेरियल यातच वाया गेलं. अनुस्वाराचा ठिपका तर वेगळाच तुकडा असतो, तो चिकटवायचा राहिला तरी फिटिंगवाल्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून आता वर्कशॉपमध्ये अक्षरं जमिनीवर मांडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवते, आणि तो फोटो, ज्याने फाईल एकदाही बघितली नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावते, कारण आम्ही तेच तेच बघून चूक दिसेनाशी झालेली असते. बहुतेक वेळा काउंटरवरचे काका वाचतात, त्यांची नजर फार तीक्ष्ण आहे. पाटीवाल्याच्या कोटेशनमध्येही हे लिहूनच घेते: फिटिंगच्या आधी फोटो, आणि फोटो पास झाल्यावरच उरलेलं पेमेंट.