तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकून कुणी स्काऊटमास्तर होतं का?

"ताई, पुस्तकं आहेत, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, प्रशिक्षण शिबिरं होतात. मग तुम्ही नव्या लोकांना हे ऑडिओ कशाला पाठवत बसता? ऐकून कुणी स्काऊटमास्तर होतं का?" स्काऊट पथक चालवायला नव्याने येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आम्ही छोटे ऑडिओ करून पाठवतो, त्यावरचा हा प्रश्न मला मुख्याध्यापक विचारतात, वर्षानुवर्षं पथकं चालवणारे जुने स्काऊटर विचारतात आणि हल्ली पालकही विचारतात. जाता-येता दोन वाक्यांत उत्तर दिलं की त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

गाठ हातानेच मारावी लागते, तंबू पावसातच उभारावा लागतो, चूल धूर खाऊनच पेटते. यातलं काहीही ऐकून येत नाही आणि येतं असं मी कुणाला सांगतही नाही. पण पथक चालवणाऱ्या माणसाचं निम्मं काम बोलण्याचं असतं. त्याहून अवघड काम असतं योग्य वेळी गप्प बसण्याचं. हे पुस्तकातून उमगत नाही. ते कुणाला तरी करताना ऐकावं लागतं.

नवा माणूस येतो तेव्हा काय होतं ते सांगते. पुण्यात शाळांमधली पथकं बहुतेक शिक्षकच चालवतात, पण मुक्त पथकांकडे, म्हणजे शाळेबाहेरच्या पथकांकडे, येणारी मंडळी वेगळी असते. कुणी हिंजवडीत नोकरी करतो, कुणी बँकेत आहे, कुणी नुकतीच पदवीधर झालेली मुलगी, तर कुणी पथकातल्याच एखाद्या मुलाचे बाबा. उत्साह भरपूर. अभ्यासक्रम आठवड्याभरात वाचून काढतात. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार, मुलांनी चढायच्या सगळ्या पायऱ्या पाठ असतात. आणि रविवारी सकाळी मैदानावर वीस-पंचवीस मुलांसमोर उभं राहिलं की आवाजच फुटत नाही. नाहीतर उलट होतं, "अरे शांत बसा, शांत बसा" करत घसा बसतो आणि मुलं आणखी चेकाळतात. या माणसाला आणखी माहिती देऊन काय उपयोग? पथकाची सभा कानाला कशी लागते, हेच त्याने कधी ऐकलेलं नसतं. जो लहानपणी स्वतः स्काऊट होता त्याच्या कानात ते असतंच. बाहेरून आलेल्याला ते कुठून मिळणार?

शिटीचंच घ्या. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली लिहून ठेवलेले शिटीचे इशारे आजही चालतात. एक लांब शिटी म्हणजे शांत, लक्ष द्या. लांब, संथ शिट्या एकापाठोपाठ वाजल्या की पांगा, दूर जा. आखूड, तुटक शिट्या भराभर वाजल्या की एकत्र या. आखूड आणि लांब आलटून-पालटून म्हणजे सावध, धोका आहे. तीन आखूड आणि मागून एक लांब म्हणजे संघनायकांनो (पथकातल्या छोट्या गटांच्या नायकांनो), माझ्याकडे या. कागदावर हे पाच ओळींत मावतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, झालं, आलं. प्रत्यक्षात नवा माणूस आखूड शिटी वाजवतो ती आखूड होतच नाही, श्वासाबरोबर लांबत जाते. मग निम्मी मुलं धावत जवळ येतात, निम्मी पांगतात. आखूड शिटी श्वासाने थांबवायची नसते, जिभेने तोडायची असते. शिटीच्या तोंडाशी जीभ लावली की आवाज कापल्यासारखा थांबतो.

आमच्याकडचा शिटीचा ऑडिओ एका निवृत्त शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी केलाय. प्रत्येक इशारा ते दोनदा वाजवतात, मग तेवढाच वेळ रिकामा सोडतात. त्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्याने आपली शिटी वाजवायची आणि पुन्हा त्यांची ऐकायची. फरक लगेच कळतो. सोसायटीत शेजारी वैतागतात, म्हणून आमचे लोक हा सराव तळजाईवर नाहीतर वेताळ टेकडीवर जाऊन करतात.

कृतिगीतांचंही तेच. शब्द छापता येतात, चाल छापता येत नाही. प्रार्थना आणि झेंडागीत सुरू करणाऱ्याने पट्टी जरा वर धरली की पुढे मुलांचे आवाज चिरकतात आणि मुलं हसायला लागतात. मग सगळं ओंफस. योग्य पट्टीत धरलेली पहिली ओळ सभेआधी फोनवर एकदा ऐकली की काम होतं. शेकोटीतल्या टाळ्या, आरोळ्या, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मधली दोन वाक्यं, हे सगळं कानाचंच शिक्षण आहे.

पण मला सर्वात मोलाचा वाटतो तो एक वेगळाच ऑडिओ. पावसाळी शिबिरानंतर संघनायकांची बैठक चाललेली आहे. आमच्या एका अनुभवी ताई बोलतायत, समोर बारा-तेरा वर्षांचा संघनायक. (त्याच्या आईवडिलांना विचारून, नावं काढून टाकून ते वापरतो. याबद्दल पुढे लिहिते.) ताई विचारतात, "तुमच्या तंबूत पाणी कशामुळे शिरलं असेल?" पुढे बराच वेळ काही नाही. कावळा ओरडतो. कुणीतरी खोकतं. ऐकताना आपल्यालाच राहवत नाही, वाटतं, आता सांगून टाकावं. ताई सांगत नाहीत. मग तो मुलगा हळूच म्हणतो, "आम्ही उताराच्या तोंडाशीच लावला होता." ताई एवढंच विचारतात, "बरं. मग पुढच्या वेळी जागा कोण बघणार?" आणि तो म्हणतो, "मी आधी बघीन, मग सगळ्यांना बोलावीन."

संघपद्धतीबद्दल नव्या माणसाला मी कितीही समजावून सांगितलं, सहा ते आठ मुलांचा संघ, त्यांच्यातलाच नायक, जबाबदारी त्याच्यावर सोपवा, तरी "सोपवणं" म्हणजे काय करायचं ते त्याच्या ध्यानात येत नाही. त्या शांततेत ते कळतं. ती कशी पेलायची हे एकदा ऐकलेला माणूस पुढच्या रविवारी प्रश्न विचारून थांबू शकतो.

म्हणूनच माझी एक विनंती असते आणि ती ऐकून लोकांना गंमत वाटते: आमचे ऑडिओ दीडपट-दुप्पट वेगाने ऐकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय आली तेव्हापासून सगळे सगळंच पळवत ऐकतात. बातमी पळवून ऐकली तर काही बिघडत नाही. इथे मात्र मधलं थांबणंच आखडून जातं आणि जे शिकायचं तेच हातातून निसटतं.

दुसरी विनंती, गाडी चालवताना कानात काही घालू नका. पुण्यात निम्मी माणसं दुचाकीवर असतात, म्हणून हे मी दर वेळी सांगते. पीएमपीच्या बसमध्ये ऐका, मेट्रोत ऐका, पोळ्या करताना ऐका, कपड्यांच्या घड्या घालताना ऐका. आमच्यातल्या बऱ्याच स्त्रिया स्वयंपाकघरातच ऐकतात. दिवसभराची नोकरी, घर, मुलं सांभाळून रात्री साडेदहाला पुस्तक उघडायचं म्हणजे झोपच येणार. लोकांना वेळ नाही असं आपण सहज म्हणतो. त्यांचे डोळे आणि हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

ऐकणं म्हणजे टाइमपास, शिकायचं तर वाचलं पाहिजे, असंही मला सुनावलं जातं. तेही पुण्यात! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या गावात आजवर ऐकली जाते, १९५३ साली जिथे आकाशवाणी केंद्र आलं, ज्या गावातल्या घराघरांत सकाळच्या सात पाचच्या बातम्यांवर घड्याळं लागली, तिथे ऐकण्याला कमी लेखणं मला पटत नाही. आमच्या आजीला अक्षरओळख जेमतेम होती, पण कीर्तनं ऐकून तिला जे येत होतं ते मला अजून येत नाही.

शिवाय ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने आपल्या स्वयंसेवक लीडर्ससाठी 'कबकास्ट' आणि 'स्काऊटकास्ट' असे ऑडिओ कार्यक्रम चालवले, कब, म्हणजे स्काऊटांहून लहान मुलं, सांभाळणाऱ्यांसाठी एक आणि स्काऊट सांभाळणाऱ्यांसाठी दुसरा. ते चांगले आहेत, पण आपल्या नव्या माणसाला त्यातलं किती लागू पडणार? तिथली शिबिरं वेगळी, हवामान वेगळं, पालक वेगळे. आपल्याला मराठीत, आपल्या मैदानावरचं हवं. स्काऊटिंगचं बरंचसं साहित्य इंग्रजी-हिंदीत आहे. अस्सल मराठी अनुभव आहे तो जुन्या शिक्षकांच्या आणि गाईड कॅप्टनांच्या, म्हणजे मुलींची पथकं चालवणाऱ्या बायकांच्या, डोक्यात. त्यांना "लिहून द्या" म्हटलं की ते वर्षभर टाळतात. "बोला" म्हटलं की दोन तास बोलतात. ही माणसं थकत चालली आहेत, याची मला फार काळजी वाटते. पहिल्या रात्री आईच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला काय म्हणायचं, ते त्यांच्या आवाजात राहिलं पाहिजे.

प्रशिक्षण शिबिराची जागा मात्र ऑडिओ घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. लीडर्सचं निवासी प्रशिक्षण लंडनजवळच्या गिलवेल पार्कला १९१९ साली सुरू झालं, ते आपल्याकडे आजही निवासीच आहे याला कारण आहे. चार माणसांबरोबर राहून, स्वयंपाक करून, भांडून, जुळवून घेऊन जे येतं ते दुसऱ्या कशानेच येत नाही. पण रजा मिळून बेसिक कोर्सला जायला नव्या माणसाला कित्येक महिने लागतात आणि मुलं तर येत्या रविवारीच समोर असतात. ऑडिओ त्या मधल्या काळासाठी.

गाठींचा ऑडिओ करा, असा आग्रह होतो, तो मी मानलेला नाही. रीफ नॉटसाठी "आधी उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर" हे वाक्य कानात बसलं की हाताला मदत होते, तेवढंच. प्रथमोपचारात पट्ट्या बांधणं समोरासमोरच शिकवायचं. मात्र काय करायचं नाही, हे ऐकवून पक्कं करता येतं. साप चावला तर जखमेवर चीर द्यायची नाही, रक्त चोखायचं नाही, दोरीने आवळून बांधायचं नाही. मुलाला चालवायचं नाही, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करायचा आणि लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं. हे आम्ही एका डॉक्टरांच्या आवाजात घेतलंय, कारण घाबरलेल्या माणसाला वाचलेलं आठवत नाही, ऐकलेला ठाम आवाज आठवतो. किल्ल्यांच्या परिसरात रेंज जाते, म्हणून शिबिराला निघण्याआधी सगळे ऑडिओ फोनमध्ये उतरवून ठेवा आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता कागदावर लिहून घ्या.

तुमच्या पथकासाठी असं काही करायचं असेल तर सामान फार लागत नाही. साधा फोन पुरतो. पंखा बंद करा, खिडक्या लावा आणि कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या समोर बसा. कपडे आवाज शोषून घेतात, खोली घुमत नाही. टेकडीवर रेकॉर्ड करायचं तर माइकच्या भोकावर सुती रुमालाचा एक पदर येऊ द्या, वारा कमी लागतो. एका ऑडिओत एकच गोष्ट. सहा-सात मिनिटांच्या वर जाऊ नका. फाईलला नाव असं द्या की सापडेल: "पहिल्या सभेचा पहिला अर्धा तास", "दोन संघांत भांडण", "पाऊस आला, मैदान गेलं". आणि शेवटी ऐकणाऱ्याला या रविवारी करून बघायचं एकच काम सांगा. आमच्याकडे ते करून झालं की त्याने एक व्हॉइस नोट पाठवायची, कसं झालं ते. यातल्या चांगल्या नोट्सचेच आमचे पुढचे ऑडिओ झाले. काल-परवापर्यंत शिकणारा माणूस बोलायला लागला की त्याच्या मागून येणाऱ्याला जास्त जवळचं वाटतं.

मुलांच्या आवाजाबद्दल आम्ही फार कडक आहोत. पालकांची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही मूल ऐकू येता कामा नये, नाव, शाळा, घराचा भाग काहीही नको, आणि मूल रडत असताना तर फोन खिशातच राहिला पाहिजे. तो प्रसंग सांगायचाच असेल तर नंतर मोठ्या माणसाने आपल्या शब्दांत सांगावा.

आता एक राहिलेलं काम, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते. शिबिरात एखाद्या मुलीची पाळी सुरू झाली, कदाचित पहिल्यांदाच, तर काय करायचं, यावर आमच्याकडे अजून चांगला ऑडिओ नाही. काय ठेवायचं ते सांगणं सोपं आहे: पॅड, जास्तीचे कपडे, जुने वर्तमानपत्र, हात धुवायला साबण, वापरलेलं पॅड टाकण्यासाठी झाकणाची बादली. अवघड आहे ते बोलणं. आवाज खाली न आणता, कुजबुज न करता, "तू आज ट्रेकला यायचं की नाही ते तूच ठरव" हे अगदी साध्या सुरात कसं म्हणायचं, हे नव्या कॅप्टनला ऐकायला मिळायला हवं. आणि तरुण स्काऊटमास्तरांनाही, म्हणजे मुलीने पॅड मागितलं तर ते काही न विचारता, इकडेतिकडे न बघता देतील. तुमच्या ओळखीत अशी अनुभवी गाईड कॅप्टन असेल तर तिला माझ्याबद्दल सांगा. तिला लिहायचं काही नाही. फोन घेऊन मीच तिच्या घरी जाईन.