उद्याच्या डाइव्हसाठी आजचा दिवस

उद्या पॉइंट लोबॉसच्या व्हेलर्स कोव्ह या छोट्या खाडीत स्कूबा डाइव्ह आहे. कॅलिफोर्नियात, कार्मेल गावाच्या जरा दक्षिणेला. इथे डायव्हर्सची संख्या मर्यादित असते, बुकिंग आधी करावं लागतं आणि जोडीदाराशिवाय पाण्यात उतरता येत नाही. माझ्या जोडीदार ताई म्हणाल्या, "आज नुसतं बघून येऊ." म्हणून गेलो.

वीस मिनिटं खडकावर बसून लाटा मोजल्या. बराच वेळ पाणी अगदी निवांत, आणि मग एकामागोमाग चार मोठ्या लाटा. बोटी उतरवायच्या उतारावर हिरवं बुळबुळीत शेवाळ आहे, चौथी लाट त्यावरून सरसरत माझ्या घोट्यापर्यंत आली. फिन्स, म्हणजे पोहायचे पायातले पंख, उतारावर घालायचे नाहीत, कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच, हे तिथेच पक्कं केलं.

मग हवेचा हिशोब. टाकीत 3000 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), 2000 ला मागे फिरायचं. कारण केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं जंगल! वर आलं की त्या पानांच्या गुंत्यातून पोहताना दमछाक होते, त्यामुळे परतीचा रस्ता खालूनच हवा आणि त्यासाठी हवा शिल्लक हवी.

मी मालवणचा. तिथलं समुद्राचं पाणी अंगाला लागतही नाही, इथे 11-12 अंश. सात मिलिमीटरचा सूट, हूड, हातमोजे, आणि हातमोज्यांत ओतायला थर्मासभर गरम पाणी. सगळं गाडीत भरून ठेवलंय.

सकाळी लाटा आजच्याएवढ्याच असल्या तर उतरायचं. मोठ्या असल्या तर सूट न घालताच घरी, हेही आजच ठरवून टाकलंय.