आकाशातल्या मुंग्या

जुन्या सिनेमाची नवी डिस्क हाती आली की शहाणा माणूस सिनेमा बघतो. आमच्यासारखे आधी डबी उलटी करतात. मागे बारीक अक्षरांत खरा मजकूर असतो: स्कॅन मूळ निगेटिव्हवरून केलंय की कुठल्या कॉपीवरून, चौकटीच्या रुंदी-उंचीचं प्रमाण काय, लांबी किती मिनिटं. नटनट्यांची नावं कोण वाचतो? ती पाठच असतात.

लांबीची एक गंमत आहे. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी, चालतो, पण भारत-युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीला 25 लागायच्या. मग काय, सिनेमाच पळवायचा. 100 मिनिटांचा सिनेमा 96 मिनिटांत आटपायचा. कात्री कुठेच लागलेली नाही, तरी चार मिनिटं गायब. आवाजही अर्ध्या स्वराच्या आसपास चढायचा, त्यामुळे घनगंभीर खलनायक किंचित किरट्या आवाजात धमक्या द्यायचा. ज्या दिग्दर्शकांचं सगळं भांडवलच संथपणा, त्यांच्याही मागे ही घाई लागायची. आताची ब्लू-रे डिस्क 24 चौकटींनीच चालते, त्यामुळे हे दुखणं बहुतेक संपलं.

खरी भांडणं होतात ती ग्रेनवरून, म्हणजे फिल्मवरच्या बारीक कणांवरून. एखाद्या जुन्या कृष्णधवल सिनेमात मोकळं आकाश दिसलं की तिथे पॉज करून बघा. आकाशभर बारीक कण असतात, आणि सिनेमा चालू केला की ते वळवळतात. सवय नसलेला माणूस हमखास विचारतो, 'या मुंग्या कसल्या?' त्याला वाटतं, चित्रावर धूळ बसलीय, ती झटकली की खाली स्वच्छ चित्र असेल. खाली काहीच नसतं. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडतो आणि त्यातूनच हे कण उमटतात. चित्र बनलेलंच असतं त्यांचं. तरीही काही कंपन्या सॉफ्टवेअर फिरवून ते पुसतात. सॉफ्टवेअरला कण कुठला आणि कातडीवरचं रंध्र कुठलं, हे नीटसं कळत नाही. मग म्हाताऱ्याच्या सुरकुत्या जातात, कोटाच्या कापडाचा पोत जातो आणि उरतो तो गुळगुळीत चेहरा. लोकांना तो 'क्लिअर' वाटतो, याला काय म्हणावं!

उलट टोकाचं उदाहरण सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं. 1993 मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि अपू-त्रयीची, म्हणजे 'पथेर पांचाली' आणि त्यापुढच्या दोन सिनेमांची, मूळ निगेटिव्ह होरपळली. त्या वेळी उपाय नव्हता, पण कुणीतरी ती रिळं फेकून दिली नाहीत, ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहात ठेवून दिली. पुढे इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये माणसांनी ती कडक झालेली फिल्म ओलावा देऊन मऊ केली, कडेची तुटकी भोकं हाताने सांधली, जवळजवळ हजार तास खपून. जे भाग जळूनच गेले होते, ते इतर कॉप्यांवरून भरले. 2015 मध्ये हे काम लोकांसमोर आलं. कॉपीची कॉपी झाली की तपशील हरवतो, त्यामुळे मूळ निगेटिव्ह कुठे संपते आणि उसनवारी कुठे सुरू होते ते शोधायचा चाळा मला लागलाय. चांगली सवय नाही, पण मजा येते.

आणि दिग्दर्शक स्वतःच हात घालतो तेव्हा? हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांनी आपल्या 'फॉलन एंजल्स'च्या नव्या आवृत्तीत चौकटच आणखी रुंद केली, काही सिनेमांचे रंगही बदलले. 'माझ्या मनात होतं ते हेच' असं दिग्दर्शकानेच म्हटल्यावर प्रेक्षकाने काय बोलायचं? मला तरी वाटतं, बोलावं. पडद्यावर आला तो सिनेमा लोकांनी डोक्यात साठवलेला असतो, त्यावर एकट्या दिग्दर्शकाचा हक्क उरत नाही. त्यांनी खुशाल बदल करावेत, फक्त जुनी आवृत्तीही सोबत द्यावी. डबीत दुसऱ्या डिस्कपुरती जागा असतेच.